झडीतला फोटो



काल वर्ध्यात झड लागली होती. बजाज चौकात एक मावशी डोक्यावर भाजीची पाटी सावरत, एका हाताने लुगडं उचलून पाण्यातून वाट काढत होत्या. एका मुलाने मोबाइल वर केला. म्हणाला, "मावशी, जरा थांबा." मावशी थांबल्या. पाटीतल्या मेथीवर पाऊस कोसळत होता. फोटो निघाला. मुलगा निघून गेला. फोटो त्यांना दाखवलाही नाही.

मला आपल्या सेवाग्रामचे कनू गांधी आठवले. बापूंचे चुलत नातू. बापूंनी त्यांना फोटो काढू दिले ते अटींवर. फ्लॅश नाही. आश्रमाचा पैसा नाही. आणि फोटोसाठी बापू थांबणार नाहीत. कनूभाईंनी ते पाळलं. म्हणून त्यांच्या फोटोंत बापू आपल्याच कामात दिसतात. कधी पाठमोरे, कधी टेलिफोन कानाला लावलेले. मला ते फोटो फार जवळचे वाटतात. त्यांत कुणाचं काम अडलेलं नाही.

मुंबईत दादरला पावसात फोटो काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांतला चांगला फोटोवाला स्वतः भिजतो. कनूभाईंसारखाच तो समोरच्याला थांबा म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर ओझं आहे, त्याचा क्षण आपला नसतो.

श्रोतेहो, आजही आभाळ भरलेलं आहे. मोबाइल तुमच्या हातात असेलच. फोटो जरूर काढा. पण थांबा म्हणू नका. आणि पाटी जड दिसली, तर मोबाइल खिशात ठेवून आधी हात लावा.