पायांची शुश्रूषा आणि तपाची मर्यादा

घोडेगावच्या पश्चिमेला आहुपे आणि भीमाशंकरच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या भातपट्ट्यात पावसाळ्यात चिखलणी आणि लावणी सुरू झाली, की दिवसभर खाचरात उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलतात, खाज सुटते आणि भेगांतून आग होते. या विकाराला चिखल्या म्हणतात. श्रावणात याच ओल्या वाटांनी भाविक अनवाणी भीमाशंकरला जातात. शेतकरी हे दुखणे नशिबाचा भाग म्हणून सोसतो आणि भाविक ते पुण्याचा भाग मानतो, म्हणून शरीराचे असे क्लेश सोसणे हा धर्म आहे की त्यांवर उपचार करणे हा धर्म आहे, असा प्रश्न येथे उभा राहतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘अलस’ नावाचा विकार सांगितला आहे. त्यात बोटांमधली जागा ओलसर होते, कंड, दाह व वेदना असतात आणि दूषित चिखलाचा स्पर्श हे त्याचे कारण मानले आहे. आजच्या वैद्यकानुसार केराटिन या त्वचेतील कठीण प्रथिनावर जगणारी बुरशी बहुधा याच्या मुळाशी असते, जरी नुसत्या ओलीने भिजलेली कातडी आणि तिच्यात शिरलेले जिवाणू यांनीही असेच दुखणे होते. ही बुरशी ओली लादी, एकमेकांचे टॉवेल व चपला यांतून घरभर पसरते, आणि म्हणूनच सोसणे ही केवळ सोसणाऱ्याची खासगी बाब उरत नाही.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर तपामध्ये शौच, म्हणजे शुचिता, आणि अहिंसा यांची गणना केली आहे, तर शास्त्राला न धरता देहाला पिळून काढणाऱ्या घोर तपाला आसुरी निश्चयाचे लक्षण म्हटले आहे. या कसोटीवर पाहता, घरातल्या लेकरांना लागू शकणारा रोग उपचाराविना बाळगणे तपात बसत नाही. शिवाय तप स्वेच्छेने स्वीकारलेले असते. पोटासाठी चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या वेदनेला तपाचा मान देणे म्हणजे तिच्या नाइलाजाला पावित्र्य चढवणे होय, आणि ते अन्याय्य आहे.

उपचार अवघड नाही. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, टॉवेल वेगळा ठेवावा, टर्बिनाफिनचे मलम एक ते दोन आठवडे किंवा क्लोट्रिमाझोलचे सुमारे चार आठवडे लावावे आणि खाज थांबताच ते सोडू नये. स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज लगेच शमवतात, पण बुरशीला आतून वाढू देतात, म्हणून ती स्वतःहून वापरू नयेत. मधुमेह असलेल्यांनी आणि पाय सुजून लाल झालेल्यांनी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे, कारण भेगांतून जिवाणूंचा गंभीर संसर्ग होऊ शकतो.

घोडेगावच्या उत्तरेला जुन्नरच्या डोंगरांत ज्या भिक्खूंसाठी लेणी कोरली गेली, त्यांच्या परंपरेने सोसावे की उपचार करावे या प्रश्नावर फार मोलाचा विचार केला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात अशी कथा आहे, की सोण कोळिविस नावाच्या नाजूक पायांच्या भिक्खूचे पाय चालून चालून रक्तबंबाळ झाले, तेव्हा बुद्धांनी त्याला एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. परंतु ती एकट्यासाठी नको, संघाला मिळाली तरच आपण वापरू, असे त्याने सांगितले आणि मग ती सर्वांना मिळाली. याच ग्रंथात फुटलेल्या पायांना मलम लावण्याची मुभा आहे, आणि अवंती-दक्षिणापथातील जमीन काळी, खडबडीत व गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे म्हणून तेथील भिक्खूंना अनेकपदरी वहाणांची, आणि तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात म्हणून वारंवार स्नानाची सवलतही आहे. अनासक्तीचा आग्रह धरणाऱ्या संघाने भूमीचा पोत पाहून नियम बदलले, ही गोष्ट विशेष आहे.

सोणाची अट भातखाचरालाही लागू पडते. गमबूट खोल चिखलात रुततात, त्यामुळे लावणीच्या दिवसांत पाय कोरडे ठेवा हा उपदेश मजुराला एकट्याने पाळता येत नाही. मध्ये पाय धुऊन सुकवण्याइतकी सुटी, बांधावर कोरडी जागा आणि मजुरीबरोबर मलम देणे हे ज्याचे खाचर आहे त्याचे कर्तव्य ठरते.