इनामगावची दफने आणि श्रद्धेचा पुरावा

दफनविधी हा विषय घेऊन पुरातत्त्वशास्त्रात एम.ए.चा लघुप्रबंध लिहिणाऱ्यापुढे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: लेखी पुरावा नसलेल्या माणसांची श्रद्धा त्यांच्या हाडांवरून कळू शकते का? भांड्याची माती आणि भाजणी तपासता येते, जळक्या दाण्यांवरून पीक ओळखता येते. पुरणाऱ्याच्या मनातले मात्र कुठल्याच थरात सापडत नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर हॉक्स यांनी १९५४ मध्ये अनुमानांची चढती श्रेणी मांडली. तंत्रज्ञान सर्वांत सोपे, मग उपजीविका, मग समाजरचना. धर्म सर्वांत अवघड.

या अडचणीचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या या कामातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे, इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातले गाव उजेडात आले. तिथे लहान मुलांना दोन कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून, बहुतेक वेळा राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरलेले आढळले. प्रौढांना खड्ड्यात उताणे ठेवत, डोके उत्तरेकडे. त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते.

पाय का तोडले? मृताने घर सोडून जाऊ नये किंवा त्याचे भूत होऊन फिरू नये म्हणून, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे आहे आणि म्हणूनच विद्यार्थ्याने तिथे थबकायला हवे. याच गावात पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक प्रौढ पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते. उत्खननकर्त्यांनी त्याला गावचा प्रमुख मानले. मग भीती होती ती सामान्य मृतांची, आणि प्रमुखाची नव्हती? की रांजणात बंद केल्यावर पाय तोडण्याची गरजच उरली नाही? की इथे प्रश्न भुताचा नसून मानाचा आहे? एकाच पुराव्यातून तिन्ही उत्तरे निघतात आणि त्यांतले एक निवडायला हाडे मदत करत नाहीत.

मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला आणखी एक मोह पडतो. उत्तरेकडे डोके करून झोपू नये, हे त्याने घरी ऐकलेले असते. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, हेही त्याला ठाऊक असते. इनामगावशी हा धागा जोडावासा वाटणे स्वाभाविक आहे. दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या परिसरातील जिवंत देवस्थानांवरून प्राचीन श्रद्धांचा माग काढला, तेव्हा त्यांनी गावोगाव पायी फिरून स्थळांचा आणि वाटांचा पुरावा उभा केला होता. तसा पुरावा नसेल तर साम्य हे फक्त साम्य राहते. मधल्या जवळजवळ तीन हजार वर्षांत तीच कृती वेगळ्या कारणासाठी होऊ लागली असणे सहज शक्य आहे.

तरीही धर्माबद्दल गप्प बसणे हा सावधपणा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेला डोके ठेवले जाते, मुलांसाठी एक रीत आणि मोठ्यांसाठी दुसरी पाळली जाते, तेव्हा तिथे नियम होता हे ठामपणे म्हणता येते. मेलेले मूल घरातच राहावे असे त्या लोकांनी ठरवले होते, हेही. नियम सिद्ध होतो, त्यामागचे कारण सिद्ध होत नाही. चांगल्या लघुप्रबंधात ही सीमा वाचकाला स्पष्ट दिसते.

प्रश्नाला नैतिक बाजूही आहे. ज्यांनी मृताला घराखाली जपले, त्यांच्या इच्छेविरुद्धच तो सांगाडा प्रयोगशाळेत आलेला असतो. १९८९ मध्ये जागतिक पुरातत्त्व परिषदेने स्वीकारलेल्या व्हर्मिलियन करारात मृतांच्या अवशेषांचा आणि त्यांच्या ज्ञात वा अनुमानित इच्छेचा आदर राखण्याचे तत्त्व आहे. त्यासोबत संशोधनाचे मोलही त्यात मान्य केलेले आहे. म्हणून विद्यार्थ्याने दफन क्रमांकामागे एक माणूस आहे हे धरून लिहावे, निरीक्षण आणि अनुमान वेगळ्या परिच्छेदांत ठेवावे आणि आपल्या घरची श्रद्धा त्या माणसाच्या माथी मारू नये.