तिसऱ्या शेजाऱ्याचा कान

मुलींच्या वसतिगृहातून तक्रार आली होती : नेट अडकतं. मी गेले, तर फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या. कुणीतरी प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची (एपीची) पावर हाताने १०० मिलिवॅटवर नेऊन ठेवली होती. मोठा आवाज म्हणजे मोठी सेवा, असा साधा हिशेब. पण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच – १, ६ आणि ११. शिवाय वायफायची रीत अशी की आधी ऐकायचं, त्याच चॅनेलवर कुणी बोलत असेल तर थांबायचं. सगळेच तारस्वरात बोलू लागले, की सगळेच एकमेकांसाठी ताटकळत बसतात.

मी पावरचं काम सगळे एपी सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर सोपवलं. सिस्कोच्या कंट्रोलरची पद्धत मला फार आवडते. प्रत्येक एपी आपल्या भाऊबंदांना अधूनमधून एक निरोप पाठवतो, तो मात्र नेहमी पूर्ण ताकदीने. शेजारी तो किती मोठा ऐकू आला ते कळवतात. कंट्रोलर त्यातल्या, मोठ्यापासून मोजत, तिसऱ्या क्रमांकाच्या शेजाऱ्याचा आकडा धरतो. तिथे आवाज उणे ७० डीबीएमच्या आसपास पोचावा, एवढीच अपेक्षा. तो उणे ५५ वर ऐकू येत असेल, तर पंधरा डेसिबलने खाली यायचं. दर दहा मिनिटांनी एक पायरी, प्रत्येक पायरीला पावर निम्मी. पाच पायऱ्यांत शंभराचे तीन मिलिवॅट होतात.

म्हणजे आपला आवाज दुसऱ्याला किती मोठा ऐकू येतो हे त्या डब्याला स्वतःला कधीच कळत नाही.

यावरून मला आमचे बाबा आठवतात. ते रोज ज्ञानेश्वरी मोठ्याने वाचत. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात ती अमानित्वापासून, आणि ज्ञानेश्वर तिथे पुष्कळ रेंगाळतात. शेवटच्या वर्षांत बाबांचे कान गेले होते. त्यामुळे मोठेपणाचा हव्यास कसा नसावा, हे अख्ख्या बिल्डिंगला रोज सकाळी सहा वाजता कळायचं. खालच्या काकू आईला काहीतरी म्हणायच्या. मग आई स्वयंपाकघराच्या दारातून तळहात खाली दाबून दाखवायची. बाबा आवाज उतरवत. दहा ओव्यांनंतर पुन्हा चढायचाच.

अमानित्व ही आतली गोष्ट, माणसाने स्वतःला आवरायचं, असं मी समजत आले होते. आता वाटतं, ज्याचं माप स्वतःला घेता येत नाही, ते आवरणार कसं? नम्रतेचा अर्धा भाग दुसऱ्याच्या कानात असतो. यावर आक्षेप सरळ आहे : हुकमाने गप्प बसणाऱ्या यंत्रात कसला आलाय सद्गुण? त्याला ओरडायची हौसच नाही. मान्य. पण बाबाही आईच्या हातामुळेच खाली येत. ते उतरणं कमी प्रतीचं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. वसतिगृहात आवाज उतरले, नेट पळू लागलं, आणि आठवड्याने कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी म्हणाली, ताई, माझ्याकडे आता रेंजच नाही. भिंत जाड, जवळचा एपी जिन्याच्या पलीकडे. शेजाऱ्यांच्या कानांवर सगळं सोपवलं, तर ज्याला ऐकायचंच आहे त्याचं काय? कंट्रोलर हेही पाहतो : कुणाचे फोन फार क्षीण ऐकू येऊ लागले, तर तो एपीची पावर वाढवतो. पण एकाच फोनसाठी तो सहसा हलत नाही. तिथे मलाच एक एपी वाढवावा लागला. आपलं लहानपण जपताना कोपऱ्यातल्याला अंधारात ठेवणारी नम्रता मला संशयास्पद वाटते. हा समतोल कुठल्या पोथीत आकड्यात दिलेला मला तरी सापडला नाही.

एखादा एपी बंद पडला, की काही वेळाने त्याचं नाव शेजाऱ्यांच्या यादीतून गळतं आणि उरलेले आपला आवाज वाढवतात.

बाबा गेल्यावर पोथी आई वाचू लागली. सकाळी सहाला, चांगली मोठ्याने. खालच्या काकूंनी अजून काही म्हटलेलं नाही.