तान्ह्याच्या वतीने सही

बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत मेंदूचा एमआरआय काढणे आता नित्याचे झाले आहे. रोगी प्रौढ असेल, तर संमतिपत्रावर सही त्याचीच. परंतु विषाणूने ज्याच्या मेंदूला सूज आणली ते मूल दहा दिवसांचे असले, तर सही आईबाप करतात. शाई त्यांची, शीर मात्र मुलाची! हे कायदेशीर आहेच. ते न्याय्य केव्हा होते, हा आमचा प्रश्न.

प्रतिमा अधिक स्पष्ट यावी म्हणून कधी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. सुटे गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते रेणूच्या पकडीत बांधलेले असते. पकड साखळीसारखी उघडी असते किंवा पिंजऱ्यासारखी बंद, आणि पिंजऱ्याची अधिक घट्ट. द्रव्य बाहेर पडते ते मूत्रपिंडांवाटे, आणि नवजाताची मूत्रपिंडे पुरती पक्व नसतात. ज्या प्रौढांना हे द्रव्य वारंवार दिले गेले होते, त्यांच्या मेंदूत त्याची खूण उरलेली जपानी वैद्यांनी 2014 साली दाखविली. 2017 साली युरोपात साखळीच्या जातीच्या अनेक द्रव्यांचा वापर थांबविण्यात आला. या अवशेषाने मेंदूस अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. पण थोरोट्रास्टविषयीही प्रारंभी असेच बोलता आले असते. 1930 नंतर रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून दिलेल्या त्या थोरियमयुक्त द्रव्याने यकृताचे कर्करोग झाले, ते कित्येक वर्षे उलटल्यावर. गॅडोलिनियम तसे किरणोत्सर्गी नव्हे. आमची तुलना केवळ काळापुरती आहे. ज्याच्यापुढे आयुष्य सर्वांत लांब, उशिरा येणारा हिशेब त्यालाच चुकवावा लागतो.

म्हणून द्रव्य देऊच नये, हे सोवळे आम्हांस मान्य नाही. मेंदूतील हर्पीस उपचारावाचून जीव घेतो किंवा मूल अधू करून सोडतो. मात्र तेथे असायक्लोविर केवळ संशयावरच सुरू करतात. पाठीतून काढलेल्या पाण्याची तपासणी आणि द्रव्यावाचूनचा एमआरआय बहुधा पुरेसे सांगून जातात. मेंदूत गळू असल्याची शंका आली, तर गोष्ट निराळी, कारण उत्तरावर शस्त्रक्रिया अवलंबून असते. तेव्हा विचारावयाचे ते हे : या सुईने उद्याचा उपचार बदलणार आहे काय?

कचेरीत कागद हलविणाऱ्या आम्हांस सहीची एक खोड ठाऊक आहे. ती जबाबदारी पुढच्या टेबलावर सरकवते. संमतिपत्राचे तसे होऊ नये, तर वैद्याने वरील प्रश्नाचे उत्तर आईबापांना कळेल अशा भाषेत द्यावे. या बहुभाषी शहरात हे विशेषच सांगावे लागते. द्रव्य कोणते, किती व कधी दिले, याची नोंद मुलाच्या कागदांत असावी. वीस वर्षांनी ते मूल स्वतः विचारील, तेव्हा तो कागद सापडला पाहिजे.