कुमारीचे कंकण

सद्भक्तहो, मार्गशीर्ष लागला की आपल्या अक्कलकुव्यात दोन प्रकारची माणसे रस्त्याने दिसू लागतात. एक, पाठीवर पडशी आणि हातात दंड घेतलेले नर्मदेचे परिक्रमावासी. ते प्रकाशा, खापर करत पुढे सागबाऱ्याकडे जातात. दुसरी, तापीकाठच्या सारंगखेड्याला निघालेली. तिथल्या एकमुखी दत्तप्रभूंच्या यात्रेला कोणी नवस फेडायला जातो, कोणी घोडाबाजार पाहायला. आणि जे कुठेच जात नाहीत, ते आपल्यासारखे सप्ताहाला बसतात. ज्याची त्याची वाट वेगळी, पण ओढ एकच.

या वर्षी जन्मकथेचे निरूपण न करता एका प्रश्नावर बोलावे असे मनात आहे. प्रश्न माझा नाही. आमच्या गल्लीतल्या एका सुनेचा आहे. पण मला वाटते, आज घरोघरी तो कुठल्या ना कुठल्या रूपात उभा आहे.

ही सून एम.एस.डब्ल्यू. करते आहे. म्हणजे समाजकार्यातली पदवीनंतरची दोन वर्षांची पदवी. आपल्या पिढीला हा अभ्यास नवा वाटतो, पण तसा तो नवा नाही. आपल्या देशातले या विद्येचे पहिले विद्यालय १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. या अभ्यासात नुसती पुस्तके नसतात. आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीवर, पाड्यावर, दवाखान्यात जाऊन काम करावे लागते. त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. केलेल्या प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागतो आणि तो शिक्षकांना दाखवावा लागतो.

तर सप्ताहाच्या नियोजनाची बैठक चालली होती. प्रहरांच्या पाळ्या लावत होतो. ती पोर पुढे आली आणि म्हणाली, "गुरुजी, दुपारच्या प्रहराला माझं नाव दरवर्षी असतं. यंदा त्याच आठवड्यात पाड्यावरच्या भेटी आहेत, आणि पुढच्या महिन्यात परीक्षा. घरी सासऱ्यांचं पथ्यपाणी आहे. मी काय सोडू?"

बैठकीत लगेच दोन मते पडली. एकजण म्हणाले, "आधी देव. अभ्यास काय पुढच्या वर्षीही होईल." दुसरे म्हणाले, "अहो, सेवा हीच पूजा. गरिबाची सेवा करतेय ना, मग प्रहराची गरजच काय?" दोघेही मनाने चांगले, आणि दोघांच्या बोलण्यात थोडे थोडे खरे आहे. पण मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. "काय सोडू" हा प्रश्न घेऊन आपण दत्तमहाराजांपुढे गेलो तर ते काय दाखवतील, याचा मी विचार करू लागलो.

पहिली गोष्ट आठवली ती महाराजांच्या दिनचर्येची. स्नान काशीला, जप कोल्हापुराला, भिक्षा माहुराला आणि निद्रा सह्याद्रीवर. परंपरेत ही ठिकाणे थोडी इकडची तिकडे सांगतात, पण गाभा एकच आहे. आपण ही चमत्काराची कथा म्हणून ऐकतो आणि हात जोडतो. जरा थांबून बघा. प्रत्यक्ष त्रैमूर्ती, त्यांना एका जागी बसून सगळे करता आले नसते का? तरी स्नानाची जागा वेगळी, भिक्षेची वेगळी. भिक्षेच्या वेळी भिक्षा, जपाच्या वेळी जप. चार गावे झाली म्हणून दत्त चार झाले नाहीत. आपल्या घरातली सून सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी पाड्यावर, रात्री पुस्तकासमोर असते. तिची तीन गावे झाली म्हणून ती तीन ठिकाणी फाटली पाहिजे असे नाही. ज्या वेळी जिथे आहे तिथे ती पूर्ण असली, की झाले.

पण पूर्ण असायचे कसे? त्यासाठी श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात जावे लागते. यदुराजाने तरुण, निश्चिंत अवधूताला विचारले की हे समाधान तुला कुठून मिळाले? अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र, अजगर, मधमाशी, कोळी, बाण घडवणारा कारागीर. त्या यादीत एक कुमारी आहे.

कथा तुम्हाला ठाऊक आहे. घरची वडीलधारी माणसे बाहेर गेलेली. मुलीला मागणी घालायला पाहुणे दारात आले. घरात तांदूळ नव्हते. ती आत जाऊन साळी कांडायला बसली. मुसळ उचलले की हातातली कंकणे खणखणत. पाहुण्यांना कळेल की घरात सडलेला दाणासुद्धा नाही, घराचे उणे दिसेल, म्हणून तिने एकेक कंकण उतरवले. दोन उरली, तरी आवाज होई. शेवटी एकेका हातात एकच ठेवले. मग कांडण चालू राहिले आणि आवाज बंद झाला.

भागवतात याचा अर्थ एकांताकडे नेला आहे. पुष्कळ जण जमले की कलह होतो, दोघे असले तरी बोलणे होते, म्हणून साधकाने एकटे असावे. तो अर्थ आहेच. पण आपण गृहस्थ माणसे. आपल्याला या कथेत आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या मुलीने कांडण सोडले नाही. पाहुण्यांचा सत्कार सोडला नाही. घराची अब्रूही सोडली नाही. तिने फक्त खणखणाट कमी केला. आणि हेही बघा, सगळी कंकणे उतरवली नाहीत. एक ठेवले.

त्या पोरीला मी हेच सांगितले. अभ्यास, घर, भक्ती यांतले काही सोडायचे नाही, खणखणाट कमी करायचा. खणखणाट कोणता? पाड्यावर बसल्यावर घरच्या भाजीची काळजी. पोथीसमोर बसल्यावर अहवालाची काळजी. अमकी किती प्रहर बसली आणि मी किती, ही तुलना. मी किती करते हे चारजणांना सांगण्याची हौस. काम आपल्याला तेवढे थकवत नाही, जेवढी ही कंकणे थकवतात.

आता त्या पाड्यावरची गोष्ट सांगतो. पाड्याचे नाव तिने मला सांगितले नाही. कोणाची अडचण चव्हाट्यावर आणायची नाही, हा त्यांच्या विद्येचा नियम आहे. कीर्तन-प्रवचन करणाऱ्यांनीही तो घेण्यासारखा आहे.

मागच्या वर्षी, देवगोई घाटाच्या वरच्या अंगाला, अंगणवाडीच्या ताईंबरोबर ती एका घरी गेली. दोन वर्षांचे पोर. दंडाला मोजपट्टी लावली तर ती लाल भागात आली. साडेअकरा सेंटिमीटरहून कमी. म्हणजे पोर तीव्र कुपोषित. अशा मुलाला आईसोबत पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस ठेवतात. आहार, औषध मिळते, आईला बुडीत मजुरीही मिळते. हिने सगळे समजावले. आई ऐकून घेई आणि मान हलवून नाही म्हणे. दुसऱ्या भेटीतही तेच. आपल्याकडे अशा वेळी लोक पटकन म्हणून टाकतात, "या लोकांना कळतच नाही."

तिसऱ्या भेटीला ती काही न सांगता नुसती जाऊन बसली. ती बाई भगर कांडत होती. हिनेही मुसळाला हात लावला. मोडक्यातोडक्या बोलीत इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग बाईच आपणहून बोलली. ऊसतोडीला गुजरातेत जायचे होते. मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती आणि ती खर्चूनही झाली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई दवाखान्यात राहिली तर कोयता मोडतो, आणि उचल अंगावर राहते. त्या माउलीला पोराची काळजी नव्हती असे नाही. तिच्या मानेवर दोन्हीकडून सुरी होती.

मार्गही त्या घरानेच काढला. पोराची आजी केंद्रात राहायला तयार झाली. हिने केंद्रात बोलून तेवढी सोय करून दिली. आई-बाप उसाला गेले. १४ दिवसांनी आजी-नातू परत आले तेव्हा पट्टी लालवरून पिवळ्यावर आली होती. पोर पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. पुढे ताई आणि ही दर आठवड्याला जात राहिल्या.

यात दत्तभक्ती कुठे आली, असे कोणी विचारील. मी म्हणेन, सगळी तिथेच आली. अवधूत यदुराजाला काय सांगतो? मी यांना शिकवले असे तो म्हणत नाही. मी यांच्याकडून शिकलो असे म्हणतो. कुमारीच्या दाराशी तो उभा राहिला आणि कांडणाऱ्या मुलीला त्याने गुरू केले. समाजकार्याच्या पुस्तकातही म्हणे हेच पहिले सूत्र आहे. माणूस जिथे आहे तिथून सुरुवात करा, त्याला जसा आहे तसा स्वीकारा, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. शब्द वेगळे, वृत्ती अवधूताची. जोवर ती शिकवायला जात होती तोवर दार बंद होते. शिष्य होऊन बसली तेव्हा दार उघडले.

आता "सेवा हीच पूजा" म्हणणाऱ्यांकडे वळतो. वाक्य गोड आहे, पण त्यात एक घसरण आहे. नियम सुटला की सेवा करणाऱ्याच्या मनात हळूहळू 'मी' बसतो. माझ्यामुळे पोर वाचले, माझ्यामुळे पाडा सुधारला. आणि ज्या दिवशी पोर वाचत नाही, त्या दिवशी तोच 'मी' कोसळतो. म्हणून कुमारीने ठेवलेले ते एक कंकण महत्त्वाचे. एक नियम. लहान असू दे, पण रोजचा असू दे.

श्रीगुरुचरित्रातला तंतुक आठवा. विणकर. दिवसभर पोटासाठी काम करी आणि रोज येऊन श्रीगुरूंचे अंगण झाडी. एवढीच त्याची सेवा. घरची माणसे शिवरात्रीला श्रीशैल्याला निघाली, त्यालाही बोलावले. तो गेला नाही. माझे श्रीशैल्य इथेच आहे म्हणाला. मग नृसिंहसरस्वती स्वामींनी त्याला पादुका धरायला लावून क्षणात श्रीशैल्याला नेले. मोठी अनुष्ठाने करणारे पुष्कळ होते. पण महाराज ज्याला घेऊन गेले, तो माग सांभाळून अंगण झाडणारा होता.

अगदी आपल्या शेजारचे उदाहरण हवे तर इथून सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा करत गरुडेश्वरला जा. १९१४ साली तिथे नर्मदाकाठी श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी समाधिस्थ झाले. स्वामींनीही आधी संसार केला. १८९१ साली गंगाखेडला पत्नीचे निधन झाल्यावर त्यांनी संन्यास घेतला. त्यांच्याच परंपरेतले नारेश्वरचे श्रीरंग अवधूत महाराज. १८९८ साली गोध्र्यात एका मराठी घरात जन्मले. शिकले, असहकाराच्या चळवळीत उतरले, काही काळ शिक्षक झाले, मग नारेश्वरच्या रानात तपाला बसले. आणि आईला विसरले नाहीत. त्या माउलीचे पुढे वास्तव्य मुलाजवळ नारेश्वरीच होते. एकमेकांत देव पाहा, हे त्यांचे सांगणे. आपल्याकडे घरोघरी म्हणतात ती दत्तबावनी त्यांनी १९३५ साली गुजरातीत रचली. बावन्न ओळी. म्हणायला फार वेळ लागत नाही. एवढे एक कंकण कोणाच्याही हातात राहू शकते.

मग आमच्या बैठकीत काय ठरले? तिच्या दुपारच्या प्रहराला तिच्या सासूबाईंनी नाव दिले. म्हणाल्या, "ती पाड्यावर बसेल, मी इथं बसते. घर एकच ना आमचं." सासऱ्यांचे दुपारचे पथ्य धाकट्या मुलाने, म्हणजे तिच्या दिराने घेतले. तिने रोज सकाळी घर सोडण्याआधी दत्तबावनी म्हणायची आणि जयंतीच्या दिवशी पाळण्याला हजर राहायचे, एवढे आपल्याकडे ठेवले.

सद्भक्तहो, मला यात सासूबाईंचे फार कौतुक वाटले. कारण तोल सांभाळायचा तो फक्त शिकणाऱ्या पोरीने, असे आपण धरून चालतो. तिने अभ्यास करावा, पण पोळ्या वेळेवर व्हाव्यात. तिने नोकरी करावी, पण सणाचे काही चुकू नये. अर्धी कंकणे तिच्या हातात आपणच भरलेली असतात. आपण ज्येष्ठ माणसे. आपल्याला वेळ आहे, देवळाची सवय आहे, घरात शब्दाला मान आहे. तेव्हा या जयंतीला आपणही एक नियम घेऊ. घरात जी सून, मुलगी, नातू शिकत असेल, त्याच्या हातातले एक कंकण आपण उतरवून घ्यायचे. रोजचे एक काम आपल्याकडे घ्यायचे, आणि घेतले हे बोलून दाखवायचे नाही. बोललो तर पुन्हा खणखणाट!

आणि संध्याकाळी ते दमून घरी आले की एकच विचारायचे, "आज कोणाकडून काय शिकलास?" चोवीस गुरूंची यादी अवधूताने यदुराजाला सांगितली. आपल्या घरातली यादी रोज एकेका नावाने वाढू दे. त्यात कधी ऊसतोडीला जाणारी आई येईल, कधी नातवाजवळ राहिलेली आजी येईल.

हे दत्तात्रेया, काशी, कोल्हापूर, माहूर फिरूनही तू एकच राहतोस. आमच्या लेकीसुनांनाही तसे एक राहू दे. त्यांच्या हातचे काम सुटू नये, मनातला गलबला सुटावा. आणि आम्हा म्हाताऱ्यांना तेवढी मदत करायची बुद्धी दे.

श्रीगुरुदेव दत्त.