ओळखीवर चालणारा धंदा

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात कमिशनचा धंदा इंटरनेटच्या कितीतरी आधी रुजला, आणि त्याला कारण लोकलचे वेळापत्रक होते. घरातला कमावता माणूस सकाळी मुंबईची गाडी पकडायचा आणि दिवेलागणीनंतर परतायचा. बँक आणि पोस्ट उघडे असायचे ते नेमके त्याच वेळात. मग पैसे भरायला जाणार कोण? ही अडचण एजंटांनी सोडवली. आरडीच्या काकू महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दार वाजवायच्या, पिग्मीवाले संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरायचे, आणि एलआयसीचे काका घरात पाळणा हलल्याची बातमी लागताच पॉलिसीचा फॉर्म घेऊन हजर व्हायचे.

हे एजंट रुजले तो काळ नीट बघण्यासारखा आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. १९७२ मध्येच महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली. तिच्यात नेमलेल्या महिला एजंट पोस्टाच्या आरडीचे हप्ते घरोघरी गोळा करतात आणि त्यावर ४ टक्के कमिशन मिळवतात. २०११ च्या शेवटी सरकारने पीपीएफवरचे एजंटांचे कमिशन बंद केले, इतर काही योजनांवरचे घटवले, पण आरडीचे ४ टक्के तसेच राहिले. शंभर घरांतून हजार-हजार रुपये गोळा करणाऱ्या बाईंना महिन्याला ४,००० रुपये सुटतात. आरडी पाच वर्षांची असते, म्हणजे एकदा बसलेली घडी साठ महिने मोडत नाही. या कमाईवर मुलांची शिक्षणे झालेली घरे या पट्ट्यात पुष्कळ आहेत.

आता त्याच इमारतींमधली मुलेमुली अ‍ॅफिलिएट मार्केटिंग कसे सुरू करायचे हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरी लहान मूल असेल, नोकरी ठाण्याच्या पुढे नको असेल, हातात फोन असेल, तर हा मार्ग डोळ्यांसमोर येणारच. मला मात्र या मुलांना आधी त्यांच्या आजीच्या पिढीतल्या एजंटकडे बघायला सांगावेसे वाटते, कारण या धंद्यातले कळीचे सगळे तिला ठाऊक होते.

यंत्रणा सोपी आहे. कंपनी तुम्हाला एक लिंक देते आणि तिच्या शेवटी तुमचा ओळखक्रमांक जोडलेला असतो. ती दाबून कोणी दुकानात शिरले की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण पडते आणि ठरावीक मुदतीत खरेदी झाली तर तुमच्या नावावर कमिशन जमा होते. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत जुलै १९९६ मध्ये सुरू केली आणि तीच पुढे जगभर पसरली. भारतात हे दुकान जून २०१३ मध्ये उघडले. तिथे कुकीची साधारण मुदत २४ तासांची आहे. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी धरली जात नाही, आणि खाते उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. वस्तू परत गेली की कमिशनही परत जाते. मोबाइलसारख्या वस्तूंवर दर अगदी किरकोळ, कपडे किंवा स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर बरा. एकाच कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर कमिशन गेले की ती २ टक्के टीडीएस कापते. तेव्हा पहिल्या दिवसापासून वही ठेवावी.

आता आकडेमोड करू. हजार जणांच्या ग्रुपवर ३,००० रुपयांच्या मिक्सरची लिंक टाकली. शंभरांनी उघडली, तिघांनी मिक्सर घेतला, कमिशन ५ टक्के असे धरू. ४५० रुपये झाले. एक मिक्सर परत गेला, ३०० उरले. हा अंदाज मी सढळ हाताने धरला आहे. शिवाय पुढच्या महिन्यात त्याच तिघांना मिक्सर लागणार नाही. आरडीच्या साठ महिन्यांसमोर लिंकचे २४ तास, हा फरक ‘झोपेतही कमवा’ असे सांगणाऱ्या व्हिडिओंत कुठे दिसत नाही. त्यांतल्या अनेकांची खरी कमाई कोर्स विकण्यातून होते.

आणखी एक धडा मीशोने दिला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा पहिला जम बसला तो घरबसल्या विकणाऱ्या बायकांच्या जोरावर. साड्यांचे, कुर्त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, घाऊक भावावर आपला नफा चढवायचा, ऑर्डर कंपनीकडे द्यायची. कल्याण-डोंबिवलीत उल्हासनगरहून माल आणून घरी साड्या विकण्याची रीत आधीपासून होतीच, त्यामुळे या बायकांना नवे शिकण्यासारखे फारसे नव्हते. पुढे गिऱ्हाईक थेट अ‍ॅपवरून घेऊ लागले, कंपनीचा भरही त्यांच्यावरच गेला आणि मधल्या बाईचे स्थान आक्रसले. गिऱ्हाईक तिने जोडले होते, पण त्याची नोंद कंपनीकडे राहिली.

गेल्या दोन-तीन वर्षांत वारेही बदलले आहेत. पूर्वी ‘सर्वोत्तम दहा फ्रिज’ असा लेख लिहून ठेवला की गूगलवरून वाचक आपोआप येत. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांची उत्तरे एआयने जुळवून शोधाच्या पानावर सर्वांत वर देऊ लागले. वाचकाला तिथेच उत्तर मिळाले तर तो तुमच्या लेखापर्यंत येईलच असे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्राला जोडून घेत व्हिडिओतच वस्तू टॅग करून कमिशन मिळवण्याची सोय भारतात आणली. इन्स्टाग्रामवर ‘लिंक हवी असेल तर कमेंट करा’ हे तर आता पाठ झाले आहे. टेलिग्रामवर सवलतींच्या लिंकांचा दिवसरात्र पाऊस पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये पेपालच्या हनी या कूपन शोधणाऱ्या साधनावर आरोप झाला, की ते खरेदीच्या अखेरच्या क्षणी दुसऱ्याची खूण पुसून आपली लावते. प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. सर्वांत शेवटी लिंक दाबवणाऱ्याला सगळे श्रेय देणाऱ्या हिशोबात असे भांडण होणारच.

या सगळ्याचा रोख एकाच दिशेने आहे. अनोळखी वाचकांची गर्दी हाती लागणे अवघड होत चालले आहे आणि ओळखीच्या माणसांच्या लहान वर्तुळाची किंमत चढते आहे. नौपाड्यातली शाळेची माजी विद्यार्थी मंडळी, घोडबंदर रोडवरच्या संकुलातला पालकांचा ग्रुप, खडकपाड्यातला भजनी मंडळाचा ग्रुप, यांत कोणी ‘हे घ्या, चांगले आहे’ म्हटले तर लोक खरोखर घेतात. म्हणूनच मला काळजी वाटते. जे विकले जाते आहे ते शेजाऱ्याचे मत आहे, आणि ते विकत घेतले जाते आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. कल्याण-डोंबिवली महापालिका उल्हास नदीचे पाणी उचलते आणि मोहिली, बारावे, नेतिवली इथल्या केंद्रांत शुद्ध करून देते. तरी घरोघरी आरओ मशीन बसलेले दिसते. आरओचे मुख्य काम पाण्यात विरघळलेले क्षार काढण्याचे, आणि ते करताना बरेच पाणी वाया जाते. म्हणून २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने म्हटले, की लिटरमागे क्षार ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणावी. तुमच्या नळाला काय येते हे कळायला क्षार मोजणारे काहीशे रुपयांचे टीडीएस मीटर पुरते. आता समजा, सोसायटीच्या ग्रुपवर कोणी विचारले की कोणता प्युरिफायर घेऊ. खरे उत्तर असे, की आधी मीटरने मोजा, नदीचे पाणी असेल तर बहुधा आरओ लागणार नाही, साधा यूव्ही पुरेल. बोअरवेलचे किंवा टँकरचे असेल तर वेगळा विचार करू. या उत्तरात ३०० रुपयांच्या मीटरची लिंक दिली तर ५ टक्क्यांनी १५ रुपये मिळतील. काही न मोजता १२,००० रुपयांच्या आरओची लिंक टाकली तर ६००.

पंधरा आणि सहाशे यांमधल्या या अंतरात अख्ख्या व्यवसायाची नीती आहे. आरडीच्या काकूंना हा पेच पडत नव्हता असे नाही. विम्याच्या एजंटांना तर कायमच पडत आला आणि नको त्या पॉलिसी गळ्यात मारल्याची उदाहरणे कमी नाहीत. पण त्या काकू त्याच जिन्यावरून रोज येत-जात. हप्ता भरला गेला नाही तर लोक त्यांच्या घरी जात. चुकीच्या सल्ल्याची किंमत देणारा माणूस समोर होता. लिंक पाठवणाऱ्याचा संबंध मात्र २४ तासांत संपतो. वस्तू भिवंडीच्या गोदामातून निघते, कुरिअरचा मुलगा ती दारात ठेवून जातो, तक्रार कस्टमर केअरच्या चॅटमध्ये जाते. सल्ला देणारा यात कुठेच सापडत नाही.

कायद्याने ही जबाबदारी थोडीफार परत आणली आहे. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी असलेल्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शिका दिली. पैसे, फुकट वस्तू, सवलत, भेट, काहीही मिळत असेल तर ते स्पष्ट सांगायचे, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगायचे आणि हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचे नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मराठीत बोलणाऱ्याने ‘या लिंकवरून घेतलेत तर मला कमिशन मिळते’ हे वाक्य लिंकच्या आधी, मराठीत म्हणावे. त्याने गिऱ्हाईक पळते ही भीती मला खरी वाटत नाही. पोस्टाच्या एजंटला कमिशन मिळते हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून कोणी दार लावून घेतले नाही.

कमिशनच्या नावाआड फसवणुकीचाही बाजार भरतो, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ‘व्हिडिओ लाइक करा, घरबसल्या कमवा’ असे मेसेज येतात, पहिले शे-दीडशे रुपये खरेच जमा होतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी पैसे भरायला सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा कामाच्या आमिषाच्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस या दुकानाचे प्रकरण उघड झाले. त्याची शाखा कल्याणलाही होती, खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला परतावा आणि नवा माणूस आणला की बक्षीस, अशी योजना होती. नातेवाइकांना घेऊन गेलेल्या लोकांचे पैसे तर गेलेच, शिवाय नातीही तुटली. ओळखण्याची खूण एकच आहे. कमिशन वस्तूच्या विक्रीवर मिळत असेल तर तो व्यापार. माणूस जोडल्याबद्दल मिळत असेल किंवा सुरुवातीला तुम्हालाच पैसे भरायला लावत असतील, तर बाहेर पडा आणि पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवा.

मग सुरुवात कुठून करावी? आपण स्वतः वापरतो आणि जिच्यात बिघाड झाला तर आपल्यालाच आधी कळतो, अशा एखाद्या वस्तूच्या विषयातून. लोकलच्या गर्दीत टिकणारी सॅक, बाल्कनीतल्या कुंड्यांची खते, तबल्याची शाई खराब होऊ नये म्हणून पावसाळ्यात घ्यायची काळजी, दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची संदर्भपुस्तके. या विषयांवर हिंदी-इंग्रजीत ढीगभर आहे, डोंबिवलीच्या दमट हवेत वापरून बघून मराठीत लिहिलेले फार थोडे. एआयलाही ते तयार मिळत नाही, कारण ते कोणी लिहिलेलेच नाही. वर्षभर कमाई नगण्य राहील असे धरून चालावे आणि नोकरी सोडू नये.

माझी खरी आशा मात्र मोठ्या दुकानांच्या लिंकांवर नाही. दिवाळीच्या आधी डोंबिवलीतून फराळाची पार्सले न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंत जातात. तो फराळ करणाऱ्या बाईंना कुकीची यंत्रणा लागत नाही. तिकडच्या महाराष्ट्र मंडळातल्या कोणाच्या नावाचा कोड ऑर्डरच्या फॉर्मवर लिहून घ्यायचा, दहा टक्के त्याला द्यायचे, आणि कोडखाली ‘यातून मला दहा टक्के मिळतात’ असे छापायचे. गिऱ्हाइकांची यादी बाईंच्याच वहीत राहते. पार्सल कस्टममध्ये अडकले किंवा चकल्यांचा चुरा झाला, तर तिकडच्या माणसाने पैसे परत करायचे की बाईंनी, एवढे मात्र पहिल्या ऑर्डरच्या आधी दोघांनी कागदावर ठरवून घ्यावे.