शब्दांचे पांघरूण

दिवा विझवला असे मराठी घरात म्हणत नाहीत. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद न करता वाढवतात, बांगडी फुटली तरी ती वाढली असेच म्हणतात. घरातून निघणारा मनुष्य ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. सत्यवचनाचे व्रत घेतलेल्या साधकाने असे बोलावे काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी उपेक्षणीय नाही. जे नाही ते आहे म्हणणे यालाच अनृत म्हणावे, तर ही सर्व भाषा अनृत ठरेल.

परंतु अनृताला फसणारा कोणीतरी लागतो. ‘येतो’ म्हणणारा जात आहे हे दोघांनाही ठाऊक असते. वनप्रदेशातही हीच रीत आहे. तिन्हीसांजेला वाघाचे नाव उच्चारू नये म्हणून त्याला नुसते ‘जनावर’ म्हणतात. ज्या दगडाला शेंदूर लावतात तो वाघोबा होतो. त्याने वाघाचे काही जात नाही आणि ऐकणाराही बेसावध राहत नाही, उलट अधिकच सावध होतो. अशा बोलण्यास दोष लागत नाही.

मग ‘कावळा शिवला’ या बोलाचे काय? येथेही कोणी फसत नाही. स्त्री रजस्वला आहे हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसास कळते. म्हणजे ‘कोणी फसत नाही म्हणून दोष नाही’ हा निकष येथे अपुरा पडतो. या बोलाचा दोष वेगळाच आहे. शरीराचा जो सहज धर्म, त्याला तो बाहेरून झालेला स्पर्श बनवतो. आधी कावळा तिला शिवतो. मग तिने कोणाला शिवू नये हे आपोआप ठरते. विटाळ हा त्या शब्दातच शिजलेला असतो.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी या विषयावर केलेले निरूपण लीळाचरित्रात आले आहे. नाक, कान, डोळे आदी द्वारांतून जसे मळ निघतात, तसाच हाही एक स्राव आहे. त्याचा विटाळ धरू नये, असा त्याचा आशय आहे. विचारणारी व्यक्ती स्त्री होती म्हणून स्वामींनी आडपडदा ठेवला नाही, हे लक्षात घ्यावे. तेराव्या शतकात, जेव्हा धर्मशास्त्रे रजस्वलेच्या स्पर्शाची प्रायश्चित्ते मोजत होती, तेव्हा नाकातील शेंबडाच्या शेजारी बसवून त्यांनी या गोष्टीचे भय काढून घेतले. शब्द साधा झाला आणि विटाळाला उभे राहण्यास जागा उरली नाही.

ही गोष्ट गडचिरोलीच्या संदर्भात विशेष आठवते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात माडिया-गोंड गावांच्या कडेला ‘कुर्मा घर’ असते. मासिक धर्माच्या दिवसांत स्त्रिया तेथे राहतात. कुडाच्या भिंती, गळके छप्पर आणि पावसाळ्यात सापविंचवाचे भय, अशी त्यांची स्थिती पुष्कळ ठिकाणी होती. अलीकडे काही गावांत त्या जागी चांगल्या वास्तू उभ्या राहिल्या आणि त्यांना ‘महिला विसावा केंद्र’ असे नाव मिळाले. पाणी, शौचालय, दिवा यांची सोय झाली, ती निश्चितच स्तुत्य आहे. ज्या स्त्रीला आज रात्री तेथे झोपायचे आहे तिला सिद्धांतापेक्षा कोरडी जमीन अधिक उपयोगी. तथापि विसावा त्याला म्हणावे जो स्वेच्छेने घेता येतो व स्वेच्छेने सोडताही येतो. नाव बदलल्याने भिंत पक्की झाली, पण वेगळे बसवणेही त्याबरोबर पक्के झाले नाही ना, हे पाहावयास हवे. आणि हा प्रश्न आदिवासींनाच विचारून शहाणे होण्याचे कारण नाही. ‘बाजूला बसणे’ चंद्रपूरच्या पक्क्या घरांतही आहे.

राज्यव्यवहारात शब्दाचा भार कोणी वाहायचा हे अधिक उघड दिसते. बांबू हे वस्तुतः गवत. 1927 च्या वन अधिनियमाने त्यास ‘झाड’ म्हटले. बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे वनातील बांबू जात होता, आणि परवान्यावाचून कळक तोडणारा बुरड मात्र गुन्हेगार ठरत होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आला; धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. 1927 च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द 2017 साली वगळण्यात आला. एका शब्दाला सरळ व्हावयास नव्वद वर्षे लागली.

याच अरण्यात त्याहून जड शब्द आहेत. ‘चकमक’ म्हणजे ठिणगी पाडणारी गारगोटी; वृत्तपत्रात ती मनुष्याच्या मरणाचे नाव होते, आणि मारणारा वाक्यातून नाहीसा होतो. दुसऱ्या बाजूस नक्षलवाद्यांनी कोणा आदिवासीस एकदा ‘खबरी’ म्हटले की त्याचे नाव, त्याचे घर, त्याची लेकरे मागे पडतात. जेथे त्याचा निवाडा होतो तिला ‘जनअदालत’ म्हणतात. स्वामींच्या आश्रयास आलेल्या सशाची लीळा सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या लेखी तो पैजेचा ससा होता. पैजेचा म्हटल्यावर तो मारण्यास मोकळा झाला होता. स्वामींनी त्यास शरण आलेला जीव मानले, आणि तो वाचला.

येथे एक आक्षेप येतो. ज्या पंथाने आपली पोथी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत झाकली, त्याने इतरांच्या पांघरुणाबद्दल बोलावे काय? आक्षेप टाळण्याजोगा नाही. लिपीने अक्षर झाकले, अर्थ बदलला नाही, आणि झाकण्यामागे रक्षणाचा हेतू होता, हे उत्तर खरे आहे; पण पुरते नाही. नागदेवाचार्यांनी संस्कृतास नकार दिला तो साध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकू नयेत म्हणून. पुढे कित्येक शतके त्याच बायांच्या नातींपुढे पोथी आली ती न वाचता येणाऱ्या अक्षरांत. रक्षणाची किंमत कोणी भरली, हे पंथानेही मोजावे.

आज ती पोथी देवनागरीत छापलेली आहे आणि वासनिकांच्या घरी तिचे वाचन होते. रजोधर्माविषयीची ती लीळा येते तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज खाली जात असेल, किंवा मुली बसल्या आहेत म्हणून तो पान उलटत असेल, तर त्या मुलींनी घरी ऐकलेला कावळाच तेवढा त्यांच्यापाशी राहतो.